छोट्या ऑक्सिजन सिलिंडरचे सुरक्षित पुनर्भरण : खासगी उड्डाणातील नियमांचा इतिहास

प्रस्तावना

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, नाणी, दप्तरखान्यातील कागदपत्रे आपल्या डोळ्यांसमोर येतात. या टिपणात आपण एक वेगळे साधन वाचणार आहोत. ते म्हणजे सुरक्षेचा नियम. ‘ऑक्सिजनच्या जोडणीला तेल लावू नये’, ‘व्हॉल्व्ह सावकाश उघडावा’, ‘सिलिंडर पूर्ण रिकामा करू नये’, ‘तपासणीची मुदत संपलेला सिलिंडर भरू नये’ अशा सूचना छोट्या खासगी विमानांचे आणि ग्लायडरचे वैमानिक आज सहज पाळतात. या सूचना कोणी एका बैठकीत बसून लिहिलेल्या नाहीत. साधारण दीडशे वर्षांच्या अनुभवातून, आणि त्यातील अनेक मृत्यूंतून, त्या जमा होत गेल्या आहेत.

कोणताही ऐतिहासिक दस्तऐवज वाचताना आपण काही प्रश्न विचारतो. तो केव्हा निर्माण झाला? कोणत्या घटनेमुळे? कोणासाठी? आणि ज्या परिस्थितीत तो निर्माण झाला ती आज उरली आहे का? हेच प्रश्न सिलिंडर भरण्याच्या नियमांना विचारले, तर लक्षात येते की काही नियमांचे मूळ कारण आजही जसेच्या तसे आहे, काहींचे कारण बदलले आहे आणि काहींचे कारण डोळ्यांना दिसतच नाही. हा फरक ओळखता येणे हा या टिपणाचा हेतू आहे.

उंचीवर नेमके काय कमी होते?

समुद्रसपाटीवरील हवेत सुमारे २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि दहा किलोमीटर उंचीवरही हे प्रमाण जवळपास तेवढेच राहते. कमी होतो तो हवेचा दाब. सुमारे ५,५०० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसात जाणारा ऑक्सिजनही साधारण निम्मा होतो. या स्थितीची गैरसोय अशी की ती माणसाला जाणवत नाही. गुदमरल्याची भावना येत नाही. उलट कित्येकांना बरे वाटते, उत्साह वाटतो. विचारशक्ती मात्र मंदावलेली असते. सुमारे ७,६०० मीटरवर अचानक ऑक्सिजन तुटला, तर योग्य निर्णय घेण्यासाठी माणसाला साधारण तीन ते पाच मिनिटे मिळतात.

पुनर्भरणाचा प्रश्न इथूनच सुरू होतो. सिलिंडर भरताना झालेली चूक जमिनीवर होते, पण ती उघडकीस येते आकाशात. आणि ती ओळखायला लागणारी बुद्धी तोपर्यंत त्याच चुकीमुळे मंदावलेली असते. मोठ्या विमान कंपनीत वैमानिक आणि सिलिंडर यांच्यामध्ये तंत्रज्ञ, तपासनीस, नोंदवह्या अशी साखळी उभी असते. स्वतःचे विमान उडवणाऱ्या माणसाकडे अशी साखळी बहुधा नसते. तोच भरणारा, तोच तपासणारा आणि तोच श्वास घेणारा असतो.

बलूनचा काळ : साठा किती हवा?

५ सप्टेंबर १८६२ रोजी जेम्स ग्लेशर आणि हेन्री कॉक्सवेल यांनी इंग्लंडमधील वुल्व्हरहॅम्प्टन येथून बलूनमधून उड्डाण केले. त्यांच्याजवळ ऑक्सिजन नव्हता. खूप उंचीवर ग्लेशर बेशुद्ध पडले. कॉक्सवेल यांचे हात थंडीने निकामी झाले होते. त्यांनी वायू सोडण्याची दोरी दातांत धरून ओढली आणि बलून खाली आणला. दोघेही वाचले.

यानंतर फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ पॉल बेर यांनी कमी दाबाच्या बंद खोलीत प्रयोग करून दाखवले की उंचीवरच्या त्रासाचे मूळ ऑक्सिजनच्या कमी दाबात आहे आणि जादा ऑक्सिजन हुंगल्यास तो त्रास टळतो. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल या दोन बलूनवीरांनी १८७४ मध्ये या खोलीत स्वतः अनुभव घेतला. १५ एप्रिल १८७५ रोजी ते गास्ताँ तिसांदिए यांच्यासह ‘झेनिथ’ या बलूनमधून पॅरिसहून निघाले. ऑक्सिजनयुक्त हवा भरलेल्या लहान पिशव्या त्यांनी बरोबर घेतल्या होत्या. एवढा साठा पुरणार नाही असे बेर यांनी पत्राने कळवले होते, पण ते पत्र पोहोचायला उशीर झाला. साठा थोडा असल्याने तो अगदी गरज पडेल तेव्हाच वापरायचा असे तिघांनी ठरवले. बलून ८,००० मीटरच्या वर गेला. तिसांदिए यांना ऑक्सिजनची नळी तोंडात धरायची होती, पण हात हलेना. त्यांना शुद्ध आली तेव्हा त्यांचे दोन्ही साथीदार मरण पावले होते.

या घटनेतून दोन धडे निघतात. पहिला हिशेबाचा : निघण्यापूर्वी साठा मोजला पाहिजे. दुसरा अधिक महत्त्वाचा : ‘त्रास झाला की वापरू’ हे धोरण चालत नाही, कारण त्रास कळेपर्यंत हात उचलण्याची ताकद गेलेली असते. आज अमेरिकेच्या नागरी विमान नियमांत ऑक्सिजनचा वापर वैमानिकाच्या इच्छेवर न सोडता उंचीच्या आकड्यांना बांधलेला आहे. केबिनमधील दाब १२,५०० फुटांपेक्षा जास्त आणि १४,००० फुटांपर्यंतच्या उंचीइतका असेल, तर तीस मिनिटांपलीकडच्या उड्डाणात वैमानिकाने ऑक्सिजन वापरलाच पाहिजे. १४,००० फुटांच्या वर सतत वापरला पाहिजे. आणि १५,००० फुटांच्या वर विमानातील प्रत्येकाला तो उपलब्ध करून दिला पाहिजे. या आकड्यांमागे ‘झेनिथ’सारखे अनुभव आहेत.

पोलादी सिलिंडर : ऑक्सिजन विकत मिळू लागला

पिशवीतला ऑक्सिजन फार काळ पुरत नव्हता. तो दाबून पोलादात भरावा लागणार होता. १८८६ मध्ये लंडनमध्ये ब्रिन यांची ऑक्सिजन कंपनी स्थापन झाली. बेरियम ऑक्साइड तापवून हवेतील ऑक्सिजन वेगळा करण्याची त्यांची पद्धत होती. सुरुवातीच्या ग्राहकांमध्ये वैमानिक नव्हते, कारण विमानच नव्हते. नाटकगृहांत आणि चित्रदीपाच्या खेळांत चुन्याचा तुकडा तापवून लख्ख उजेड पाडण्यासाठी हा वायू लागत असे. पुढे जर्मनीत कार्ल फॉन लिंडे यांनी १८९५ मध्ये मोठ्या प्रमाणावर हवा द्रवरूप करून दाखवली आणि १९०२ पर्यंत त्या द्रवातून ऑक्सिजन वेगळा काढण्याची व्यवस्था केली. आजही जगातील बहुतेक ऑक्सिजन याच तत्त्वावर तयार होतो.

वायू विकत मिळू लागल्यावर रिकामे सिलिंडर पुन्हा भरणे आले आणि त्याबरोबर स्फोटही आले. ब्रिटनमध्ये दाबाखालील वायूंच्या सिलिंडरच्या स्फोटांची कारणे शोधण्यासाठी सरकारी समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल १८९६ मध्ये प्रसिद्ध झाला. पोलादाचा दर्जा, ठरावीक दाबाची चाचणी, ज्वलनशील वायू आणि ऑक्सिजन यांची गल्लत टाळणे, ऑक्सिजनजवळ तेल न आणणे हे विषय तेव्हापासून तंत्रज्ञांच्या चर्चेत कायमचे आले. ज्वलनशील वायूंच्या जोडणीला उलटे आटे आणि ऑक्सिजनला सुलटे आटे हा संकेत आजही चालतो. चुकीची नळी बसूच नये, ही त्यामागची कल्पना आहे. आता बाजारात एका आट्यावरून दुसऱ्या आट्यावर नेणारे जोडतुकडे मिळतात. असा तुकडा वापरणारा माणूस एका जुन्या संरक्षणाला वळसा घालत असतो, हे त्याला ठाऊक असायला हवे.

विमानात आलेला सिलिंडर

पहिल्या महायुद्धात विमाने उंच जाऊ लागली आणि ऑक्सिजन त्यांच्यात आला. युद्धानंतर उंचीचे विक्रम सुरू झाले. २७ फेब्रुवारी १९२० रोजी अमेरिकेत रुडॉल्फ श्रोडर सुमारे १०,००० मीटरवर पोहोचले असताना त्यांचा ऑक्सिजनपुरवठा तुटला. ते बेशुद्ध झाले आणि विमान कित्येक किलोमीटर खाली आले. दाट हवेत शुद्ध आल्यावर त्यांनी ते कसेबसे उतरवले. ४ नोव्हेंबर १९२७ रोजी बलूनमधून १२,००० मीटरच्या वर गेलेले हॉथॉर्न ग्रे इतके सुदैवी नव्हते. त्यांचा ऑक्सिजन संपला होता आणि दुसऱ्या दिवशी ते बलूनच्या टोपलीत मृतावस्थेत सापडले.

या मालिकेतील एक घटना भारतातून निघालेल्या उड्डाणात घडली. ३ एप्रिल १९३३ रोजी बिहारमधील पूर्णियाजवळच्या लालबालू धावपट्टीवरून दोन विमाने एव्हरेस्टवरून उडण्यासाठी निघाली. मोहिमेचा खर्च लेडी ह्यूस्टन यांनी दिला होता, म्हणजे हे उड्डाण खासगी पैशावर झालेले होते. दुसऱ्या विमानात छायाचित्रकार बॉनेट होते. हालचालीत त्यांच्या ऑक्सिजनच्या नळीला तडा गेला. त्यांनी त्यावर रुमाल बांधला, तरी ते बेशुद्ध झाले आणि विमान खाली आल्यावरच शुद्धीवर आले. इथे साठा पुरेसा होता; तुटली ती जोडणी. म्हणून आजचा वैमानिक उड्डाणापूर्वी केवळ दाबमापकाचा आकडा वाचून थांबत नाही. तो नळी, मुखवटा आणि प्रवाह हेही तपासतो.

युद्धाची शिल्लक आणि ग्लायडर

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलापुढे नवा प्रश्न आला. जास्त दाबाच्या पोलादी सिलिंडरला गोळी लागली की त्याचे तुकडे उडत. म्हणून बॉम्बफेकी विमानांत सुमारे ४०० ते ४५० पौंड प्रति चौरस इंच अशा कमी दाबाची व्यवस्था आणली गेली. जास्त दाबाचे सिलिंडर १,८०० पौंडांचे असत. युद्ध संपल्यावर हे मुखवटे, रेग्युलेटर आणि सिलिंडर शिल्लक माल म्हणून बाजारात आले आणि खासगी वैमानिकांच्या हाती पडले.

त्यांचा सर्वांत धाडसी उपयोग ग्लायडरच्या वैमानिकांनी केला. डोंगररांगेवरून वाहणारा जोरदार वारा पलीकडे लाटांसारखा वरखाली होतो. त्या लाटेच्या चढत्या भागात शिरलेले इंजिनविरहित ग्लायडर प्रचंड उंची गाठू शकते. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पूर्वेस १९५१-५२ मध्ये या लाटांचा शास्त्रीय अभ्यास झाला. १९ मार्च १९५२ रोजी लॅरी एडगर आणि हॅरोल्ड क्लीफोर्थ ४४,२५५ फुटांवर पोहोचले. २५ फेब्रुवारी १९६१ रोजी पॉल बिकल यांनी एकट्याने ४६,२६७ फूट म्हणजे १४,१०२ मीटर उंची गाठली. या ग्लायडरच्या केबिनमध्ये दाब राखण्याची सोय नव्हती. वैमानिकाचे आयुष्य पूर्णपणे जवळच्या ऑक्सिजनवर अवलंबून होते.

पुढे छोट्या इंजिनांची विमानेही उंच जाऊ लागली. आता शंभर-दोनशे खासगी वैमानिकांना नव्हे, तर हजारोंना ऑक्सिजन लागू लागला. लहान विमानतळांवर तो मिळेलच याची खात्री नव्हती. म्हणून अनेक क्लबांनी आणि वैमानिकांनी मोठे सिलिंडर आणून त्यांतून लहान सिलिंडर भरण्याची पद्धत स्वीकारली.

मोठ्यातून लहानात : भरण्याचे गणित

दोन सिलिंडर नळीने जोडले की दोन्हींतील दाब सारखा होईपर्यंत वायू वाहतो. बॉइलच्या नियमाने त्याचा ढोबळ हिशेब करता येतो. समजा, ४५ लिटर आतील आकारमानाचा मोठा सिलिंडर १५० बार दाबावर आहे आणि ५ लिटरचा लहान सिलिंडर जवळजवळ रिकामा आहे. जोडल्यावर दाब होईल ४५ × १५० भागिले ५०, म्हणजे १३५ बार. लहान सिलिंडर पूर्ण भरला नाही आणि मोठ्याचा दाबही १३५ वर आला. पुढचा लहान सिलिंडर याहून कमी भरेल.

आता ६०, १०० आणि १५० बारचे तीन मोठे सिलिंडर घेऊ आणि कमी दाबाच्या सिलिंडरपासून सुरुवात करू. पहिल्याने लहान सिलिंडर ५४ बारपर्यंत जातो, दुसऱ्याने सुमारे ९५ पर्यंत आणि तिसऱ्याने सुमारे १४४.५ पर्यंत. लहान सिलिंडर अधिक भरला आणि १५० बारच्या सिलिंडरमधून फारच थोडा वायू खर्च झाला. पायरीपायरीने भरण्याची ही पद्धत काटकसरीची आहे. ती सुरक्षित आहे की नाही हे मात्र पुढील तीन गोष्टींवर ठरते.

पहिला धोका : उष्णता आणि तेल

हे कारण शंभर वर्षांपूर्वी होते तसेच आजही आहे. वायू एकाएकी दाबला की तापतो. आग्नेय आशियातील लोक नळीत दट्ट्या झटक्याने दाबून कापूस पेटवत असत. डिझेल इंजिन याच तत्त्वावर चालते. ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह झटकन उघडला, तर नळीच्या बंद टोकाशी अडकलेला वायू क्षणात दाबला जातो. १ बारवरून १५० बारवर एकदम दाब गेला आणि उष्णतेला बाहेर जायला वेळच मिळाला नाही, तर सैद्धान्तिक हिशेबाने तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते.

त्या जागी तेलाचा थेंब, ग्रीसचा अंश, धूळ किंवा रबराचा तुकडा असेल तर तो पेटतो. शुद्ध ऑक्सिजनमध्ये लोखंडाची तार ठिणग्या उडवत जळते, हा प्रयोग तुम्ही शाळेत पाहिला असेल. जास्त दाबाच्या ऑक्सिजनमध्ये पेटलेला लहानसा कण रबराला, रबर ॲल्युमिनियमला आणि ॲल्युमिनियम पोलादालाही पेटवू शकते. २७ जानेवारी १९६७ रोजी अपोलो-१ च्या चाचणीत तीन अंतराळवीरांचा जीव घेणारी आग शुद्ध ऑक्सिजनने भरलेल्या यानात लागली होती. त्यानंतर ऑक्सिजनमध्ये कोणते पदार्थ वापरावेत याचा पद्धतशीर अभ्यास वाढला. अमेरिकेतील चाचणी व पदार्थविषयक संस्थेने १९७५ मध्ये त्यासाठी स्वतंत्र समिती स्थापली. लहान सिलिंडरवरील ॲल्युमिनियमचे रेग्युलेटर पेटल्याच्या घटनांमुळे १९९९ मध्ये तेथील आरोग्ययंत्रणांनी जाहीर इशारा दिला आणि पितळी रेग्युलेटर वापरण्याचा सल्ला दिला.

म्हणून व्हॉल्व्ह हळूहळू उघडणे, हात आणि हत्यारे तेलमुक्त ठेवणे, ऑक्सिजनसाठी स्वच्छ केलेल्याच नळ्या वापरणे, मोकळ्या हवेत आणि आगीपासून दूर काम करणे हे नियम जुने झाले असे समजू नका. त्यांचे कारण भौतिकशास्त्रात आहे आणि ते बदलत नाही. सावकाश भरण्याचा आणखी एक फायदा आहे. घाईत भरलेला सिलिंडर तापतो. ५० अंशांवर १५० बार दाखवणारा सिलिंडर २७ अंशांपर्यंत निवला की साधारण १३९ बारच दाखवतो. भरताना पाहिलेल्या आकड्यावर विसंबून निघालेल्या वैमानिकाजवळ प्रत्यक्षात कमी साठा असतो. ‘झेनिथ’चा धडा इथे पुन्हा भेटतो.

दुसरा धोका : ओलावा

‘विमानासाठी वैमानिकाचाच ऑक्सिजन हवा, दवाखान्यातला नको’ असे जुने वैमानिक सांगत आले. हा नियम कोठून आला? पूर्वी ऑक्सिजन दाबणाऱ्या यंत्रांना तेल चालत नसे, म्हणून वंगण म्हणून पाणी वापरत. त्यामुळे वायूत ओल राही. दवाखान्यात त्याने फारसे बिघडत नव्हते. पण उंचीवर बाहेर कडाक्याची थंडी असते, आणि दाबाखालचा वायू रेग्युलेटरमधून पसरतानाही थंड होतो. तेथे ओलीचा बर्फ होऊन छिद्र बुजले की पुरवठा बंद. म्हणून वैमानिकांच्या ऑक्सिजनला किमान ९९.५ टक्के शुद्धतेबरोबरच कोरडेपणाची कडक अट घालण्यात आली.

पुढे तंत्र बदलले. द्रव ऑक्सिजनच पंपाने दाबून त्याचा वायू करून सिलिंडर भरले जाऊ लागले. हा वायू मुळातच कोरडा असतो. आज दवाखाना, कारखाना आणि विमान यांचा ऑक्सिजन पुष्कळदा एकाच द्रवाच्या टाकीतून निघतो. मग जुना नियम निरर्थक झाला का? इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने घाई करू नये. वायू बदलला, सिलिंडर बदललेला नाही. पूर्ण रिकामा करून व्हॉल्व्ह उघडा ठेवलेल्या सिलिंडरमध्ये दमट हवा शिरते. पाण्याच्या दाबाने चाचणी केल्यावर नीट न वाळवलेल्या सिलिंडरमध्ये पाणी राहते. वेल्डिंगच्या दुकानातून आलेल्या सिलिंडरमध्ये ज्वलनशील वायू उलटा शिरलेला असू शकतो. म्हणजे नियमाचे कारण यंत्रातून निघून सिलिंडरच्या पूर्वेतिहासात शिरले आहे. थोडा दाब शिल्लक ठेवूनच सिलिंडर भरायला देणे आणि तो आधी कशासाठी वापरला गेला हे माहीत असणे आजही आवश्यक आहे.

तिसरा धोका : म्हातारा होणारा धातू

सिलिंडर प्रत्येक भरण्याबरोबर किंचित ताणला जातो आणि रिकामा होताना सैल पडतो. आतून गंज लागतो, बाहेरून ओरखडे पडतात. यातील बरेचसे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ठरावीक मुदतीने त्यात पाणी भरून जादा दाब देऊन तो कायमचा किती फुगतो हे मोजतात आणि चाचणीची तारीख खांद्यावर कोरतात. वायूऐवजी पाणी वापरतात, कारण पाणी जवळजवळ दाबले जात नाही. सिलिंडर फुटला तरी त्यातून फार ऊर्जा बाहेर पडत नाही.

ही चाचणीही सर्व काही सांगत नाही. ६३५१ क्रमांकाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या काही जुन्या सिलिंडरच्या मानेत सततच्या ताणामुळे तडे जाताना आढळले, तेव्हा त्यांच्यासाठी मानेची वेगळी तपासणी सक्तीची करावी लागली. २५ जुलै २००८ रोजी हाँगकाँगहून मेलबर्नला निघालेल्या क्वांटासच्या बोइंग ७४७ मधील एक ऑक्सिजन सिलिंडर हवेतच फुटला आणि विमानाच्या अंगाला मोठे भोक पडले. साडेतीनशेहून अधिक माणसे घेऊन ते विमान मनिलाला सुखरूप उतरले. पण फुटलेला सिलिंडर विमानाबाहेर फेकला गेला होता. तो न मिळाल्याने तपासात नेमके कारण ठरवता आले नाही. पुरावा हरवला की इतिहासकाराचे जे होते तेच तपास अधिकाऱ्यांचे झाले.

भारतातील कायदा

भारतात दाबाखालील वायूच्या सिलिंडरकडे कायदा स्फोटकांच्या चौकटीतून पाहतो. १८८४ च्या स्फोटक अधिनियमाखाली १९३८ मध्ये अशा वायूंना आणले गेले आणि १९४० मध्ये गॅस सिलिंडर नियम झाले. पुढे १९८१, २००४ आणि २०१६ मध्ये ते नव्याने करण्यात आले. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. सिलिंडर भरण्यासाठी परवाना लागतो आणि मुदतीत चाचणी न झालेला सिलिंडर भरता येत नाही. म्हणजे अमेरिकी क्लबात वैमानिक जे काम स्वतः करतो, ते आपल्याकडे परवानाधारक केंद्राचे काम आहे. हिमाचल प्रदेशातील बीड-बिलिंगसारख्या ठिकाणाहून पॅराग्लायडर घेऊन उंच जाणाऱ्यालाही ही चौकट लागू होते. २०२१ च्या साथीत ऑक्सिजनचे सिलिंडर घरोघरी पोहोचले, तेव्हा हा विषय केवळ वैमानिकांचा नाही हे साऱ्या देशाला कळले.

समारोप

आपण पाहिलेल्या नियमांचे तीन गट पडतात. तेल आणि झटका यांविषयीचे नियम निसर्गनियमावर उभे आहेत, त्यांचे कारण कायम आहे. ओलीविषयीच्या नियमाचे कारण जागा बदलून बसले आहे. धातूविषयीचे नियम न दिसणाऱ्या गोष्टीविषयी आहेत. तिथे डोळ्यांपेक्षा खांद्यावर कोरलेल्या तारखेवर विश्वास ठेवावा लागतो. नियमाचे कारण माहीत नसलेला माणूस एक तर तो आंधळेपणाने पाळतो, नाहीतर ‘काही होत नाही’ म्हणून सोडून देतो. पहिला माणूस परिस्थिती बदलली की गोंधळतो. दुसरा बहुतेक वेळा वाचतो, आणि त्यामुळेच अधिक निर्धास्त होतो. कारण जाणणाऱ्याला मात्र कोणत्या नियमाबाबत प्रश्न विचारता येतो आणि कोणत्या नियमाशी तडजोड करायची नाही, हे कळते. इतिहासाचा अभ्यास व्यवहारात उपयोगी पडतो तो असा.

विचार करा

१. ‘झेनिथ’वरील तिघांनी ऑक्सिजन राखून वापरायचे ठरवले. त्यांच्याजवळ तेव्हा असलेल्या माहितीच्या आधारे हा निर्णय चुकीचा ठरतो का?

२. टिपणातील उदाहरणात तीन मोठे सिलिंडर उलट क्रमाने, म्हणजे १५०, १००, ६० बार असे जोडले तर लहान सिलिंडरचे काय होईल? हिशेब करून पाहा आणि क्रमाचे महत्त्व स्पष्ट करा.

३. तुमच्या घरातील, महाविद्यालयातील किंवा गावातील एखादा सुरक्षानियम निवडा. तो केव्हा व कशामुळे आला असावा आणि त्याचे कारण आज उरले आहे का, याचा शोध घ्या.